समोरची प्रत

त्या संध्याकाळी मी ग्रंथालयात गेलो होतो तो निव्वळ मासिक बदलून आणायला. तुम्ही तो दिवा थोडा अलीकडे घ्या आणि निवांत बसा. मला घाईनं सांगता येत नाही, घसा मधे मधे पाणी मागतो.

मासिकं आमच्याकडे बायको वाचते. पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन आहे. ती लोकांचे कपडे शिवते, आणि एखादी शिवण उसवावी लागली की राग गिळायला मासिक उघडते. बदलून आणायचं काम माझं. पूर्वी मी दारातून आत शिरलो की ग्रंथपालबाई मान वर न करता म्हणायच्या, "आला रेडिओ." छापखान्यातही मला रेडिओच म्हणत. आवाजच तसा होता, आणि मला त्याचा तोरा होता. मग गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि "बरं झालं" म्हणायला मी तोंड उघडलं तर आतून नुसती हवा आली.

ग्रंथपालबाईंनी मला पाहिलं आणि एकेक शब्द सुटा करत मोठ्यानं विचारलं, "बरं. आहे. ना. आता?" ज्याचा आवाज जातो त्याचे कानही गेले असं लोक का धरून चालतात, कोण जाणे. मी मान डोलावली, मासिक काखोटीला मारलं आणि घरी आलो.

बायकोनं ते मशीनवर बसल्या बसल्या चाळलं आणि मागच्या पानावर थांबली.

"अहो, हे बघा. यांची यंदाची स्पर्धा. विषय दिलाय 'सोबत'. कथा, कविता, लेख, नाटक, पत्र, काहीही चालेल म्हणतायत. तुम्ही लिहा."

मी छातीवर बोट ठेवून विचारलं, मी?

"मग काय मी? जन्मभर दुसऱ्यांचं वाचलंत. आता चार पानं स्वतःची लिहा."

मी खालच्या एका नियमावर बोट ठेवलं. ज्यांचं लेखन निवडलं जाईल त्यांनी ते परीक्षकांसमोर स्वतः वाचून दाखवायचं होतं. दुसऱ्याकडून वाचून घेतलेलं चालणार नव्हतं.

"तो नियम वाचूनच सांगतेय," ती म्हणाली आणि पुन्हा मशीन चालवायला लागली.

तिचा रोख मला कळत होता. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "गळ्यात आवाजाचे दोन तंतू असतात. तुमचा एक निजलाय, तो बहुतेक उठायचा नाही. दुसऱ्यानं थोडं पलीकडे सरकून त्याला गाठायला शिकायचं. रोज मोठ्यानं वाचा, म्हणजे शिकेल. पण ते याच काही महिन्यांत. नंतर जे असेल तेच कायम. आणि सुरुवातीला एकट्यानंच वाचा, माणसासमोर आवाज लाजतो." मी वाचतच नव्हतो. रेडिओनं खरखर कुणाला ऐकवायची? एकेक महिना सरत होता, आवाज कायमचा जाणार हे कळत होतं, आणि तरी तोंड उघडवत नव्हतं.

माझं काम काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. छापखान्यात प्रूफं तपासायला दोघं बसतात. एक मूळ प्रत मोठ्यानं वाचतो, स्वल्पविराम, पूर्णविरामासकट. दुसरा समोर छापील मजकूर घेऊन त्यावरून पेन्सिल फिरवतो. कुठे चुकलं, किंवा वाचणाऱ्यानं शब्द खाल्ला, की तपासणारा पेन्सिलीच्या मागच्या टोकानं टेबलावर एकदा टक् करतो. मग वाचणाऱ्यानं वाक्य पहिल्यापासून घ्यायचं. का, कशाला, हे विचारायचं नाही. मी वाचणारा होतो आणि मास्तर तपासणारे.

मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवत नव्हते, पण सगळा छापखाना त्यांना मास्तरच म्हणायचा. दिवसभर माझा आवाज आणि त्यांची टक्. बोलायचे फार कमी. मी एकदा आजारातून उठून कामावर आलो तेव्हा म्हणाले, "तू नव्हतास तर चार दिवस फार शांत गेले," आणि जरा थांबून, "कंटाळा आला." त्यांच्या तोंडून मला मिळालेलं कौतुक एवढंच. छापखाना बंद पडला तेव्हा आमचं ते टेबल कुणालाच नको होतं. मी ते दोन खुर्च्यांसकट घरी आणून मागच्या खोलीत टाकलं. मास्तर कधीमधी यायचे आणि सवयीनं त्यांच्याच बाजूला बसायचे. माझं ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात ते झोपेत गेले. मला घरी आल्यावर कळलं.

तर मी लिहिलं ते त्या टेबलाबद्दल. 'सोबत' म्हटल्यावर मला दुसरं काही सुचेना.

मागची खोली अंधारी आहे. एकुलती खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते, त्यामुळे दुपार कलली की दिवा लावावा लागतो. ओल आलेल्या कागदाचा वास असतो. अंगणाकडे एक दार आहे. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकं असतात, म्हणून मी त्याच दारानं ये-जा करतो. लिहून झालं तसं मी त्याची झेरॉक्स काढून आणली, आणि एकदा तरी वाचून बघावं म्हणून आतली कडी लावून बसलो. तिथे मी एक चूक केली. आमच्या धंद्यातला माणूसच ती करील. मूळ प्रत माझ्यापुढे घेतली आणि झेरॉक्स समोरच्या खुर्चीपुढे ठेवली, तिच्याकडे तोंड करून, शेजारी टोक काढलेली पेन्सिल. विचार करून नव्हे, हात आपोआप चालले. तपासणाऱ्याची प्रत मांडल्याशिवाय वाचणाऱ्यानं तोंड उघडायचं नसतं, एवढंच त्या हातांना ठाऊक होतं.

पुढच्या खोलीतलं मशीन थांबलं. बायको कान देऊन बसली असणार. मी वाचायला लागलो. वाचायला कसलं, ओठ हलत होते आणि हवा जात होती. मला स्वतःलासुद्धा ऐकू येईना. दुसऱ्या की तिसऱ्या वाक्यात दम संपला म्हणून मी दोन शब्द गिळले आणि पुढे गेलो.

टक्.

पाल असेल म्हणून मी वर बघितलं. छत रिकामं होतं. लाकूड वाजतं कधीकधी, म्हटलं, आणि पुढचं वाक्य घेतलं. त्यातलाही एक शब्द गिळला गेला.

टक्.

आता मानेवरचे केस उभे राहिले. तो आवाज मी इतकी वर्षं ऐकला होता की झोपेतसुद्धा ओळखला असता. पळावंसं वाटत होतं, पण टक् झाली की वाक्य पहिल्यापासून घ्यायचं हे अंगात इतकं मुरलेलं की पायांच्या आधी तोंड चाललं. मी ते वाक्य पुन्हा घेतलं. भीतीनं म्हणा, सवयीनं म्हणा, पोटातून जोर लागला आणि एक शब्द आवाजासकट बाहेर पडला. घोगरा, फाटका, पण आवाज. 'टेबल' एवढाच शब्द होता तो.

मी कडी काढून अंगणात पळालो. अंगणातल्या दगडावर बसून मी तो शब्द पुन्हा म्हणून बघितला, नुसती हवा आली. पुन्हा म्हटला, पुन्हा हवा. त्या खोलीत निघालेला आवाज त्या खोलीतच राहिला होता.

आता तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत, मला माहीत नाही. मला त्या खोलीची भीती वाटत होती आणि आवाज हवा होता. रात्रभर दोन्हींची ओढाताण झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी देवाचं नाव घेऊन पुन्हा तिथे जाऊन बसलो. झेरॉक्स समोर होती तिथेच ठेवली. उचलायचा धीर झाला नाही.

मग रोजच ते सुरू झालं. शब्द गिळला की टक्. वाक्य पहिल्यापासून. मी चुकायचो, घामाघूम व्हायचो, एकेका वाक्यात अर्धी दुपार जायची. मास्तर जिवंतपणी इतके खडूस नव्हते, असं मनात यायचं आणि लगेच भीती वाटायची की हेही ऐकू गेलं असेल. पण आवाज वाढत होता. आधी शब्द आले, मग वाक्याचे तुकडे, मग एक दिवस अख्खं वाक्य स्वल्पविरामासकट आलं आणि मी टेबलावर डोकं टेकून रडलो. समोरून काही आवाज आला नाही. बाहेरही हळूहळू शब्द फुटायला लागले. बायकोशी बोलताना मात्र आवाज लगेच खाली बसायचा आणि कुजबूजच व्हायची. ती काही विचारत नव्हती, फक्त मी आत गेलो की तिचं मशीन थांबायचं.

एका संध्याकाळी वीज गेली. मजकूर तोंडपाठ झाला होता, म्हणून मी अंधारातच वाचत राहिलो. खोलीत शिसपेन्सिल तासल्याचा वास येत होता, ताजा, लाकडाचा. पहिल्या पानाच्या शेवटाशी आल्यावर मी हातातलं पान उलटलं. आणि समोर... अगदी शांतपणे... त्या प्रतीचंही पान उलटलं.

मी थांबलो. पलीकडेही शांतता होती, कुणी वाट बघतंय तशी.

"मास्तर..." मी कुजबुजलो.

मी वाचत राहिलो, कारण गप्प बसणं त्याहून कठीण होतं.

लिखाणाच्या शेवटी मी एक वाक्य लिहिलं होतं, 'मास्तर गेले.' त्या वाक्याशी गाडी अडली. मी ते वाचलं, टक्. सावकाश वाचलं, टक्. शब्द स्पष्ट होते, आवाज चांगला लागला होता, गिळलं काहीच नव्हतं. पुन्हा वाचलं. टक्. त्या दिवशी मी ते वाक्य किती वेळा वाचलं असेल कुणास ठाऊक, आणि प्रत्येक वेळी तेच. शेवटी मला कळलं की चूक वाचण्यात नाही. मी पेन उचललं आणि ते वाक्य खोडलं. मग त्याच्या आधीचं वाक्य वाचलं, ज्यात मास्तर टेबलाच्या पलीकडे बसलेले आहेत. टक् झाली नाही. लिखाण तिथेच संपवलं आणि तसंच पाकिटात घालून पाठवलं.

काही आठवड्यांनी मासिकाच्या कार्यालयातून फोन आला. निवड झाली होती. बायकोनं फोन घेतला आणि मला न विचारता "येतील" म्हणून सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी घसा तपासला, तंतू छान सरकायला लागलाय म्हणाल्या, आणि वाचनाच्या आदल्या दिवशी कडक मौन पाळायला सांगितलं. "एक अक्षरही नाही. एकट्यानंसुद्धा नाही." घरी असतो तर त्या टेबलानं मला गप्प बसू दिलं नसतं, म्हणून त्या दिवशी सकाळीच केस कापून घेतले आणि नंतर अंधार पडेपर्यंत ग्रंथालयात बसून राहिलो. ग्रंथपालबाईंनी मला एकदाही काही विचारलं नाही, बहुतेक मला ऐकू येत नाही म्हणून.

मासिकाचं कार्यालय एका दुकानाच्या माडीवर होतं. लांब टेबल, पाण्याचे पेले, कुरकुरणारा पंखा. तीन परीक्षक आणि त्यांच्या मध्ये जाड चष्म्याच्या संपादकबाई. माझ्या आधी एका मुलीनं कविता वाचली आणि एका गृहस्थांनी नाटकाचा प्रवेश, सगळी पात्रं एकट्यानंच. माझं नाव पुकारलं तसा मी उठून पुढे गेलो. समोर इतकी माणसं. आवाज लाजणार, हवा येणार, सगळे आधी कानामागे हात धरणार आणि मग माझ्याकडे दयेनं बघणार, हे मला लख्ख दिसत होतं. मागच्या रांगेत बायको बसली होती. तिनं फक्त मान हलवली, मशीनमध्ये दोरा ओवताना हलवते तशी.

मी वाचलं. पहिलं वाक्य थोडं चिरकलं, मग आवाज खाली उतरला आणि धरून राहिला. पूर्वीचा रेडिओ नव्हता तो, जरा जाड, जरा खरखरीत, पण मागच्या रांगेपर्यंत जात होता. चुकून दोनतीनदा मी 'स्वल्पविराम'सुद्धा वाचला आणि लोक हसले. मलाही हसू आलं, आणि ते हसूसुद्धा आवाजासकट आलं. किती महिन्यांनी मी माझं हसू ऐकत होतो. संपवलं तेव्हाही आवाज शाबूत होता. त्या क्षणी मला बक्षिसाचं काही पडलं नव्हतं.

संपादकबाई म्हणाल्या, "छान. ते मास्तर हल्ली कुठे असतात? त्यांनाही आणायला हवं होतंत."

सगळे माझ्याकडे बघत होते. "जवळच असतात," मी म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पहिलं त्या नाटकवाल्या गृहस्थांना गेलं, आणि ते रास्तच होतं.

परतीच्या बसमध्ये बायको खिडकीशी बसली होती. बराच वेळ नुसती हसत होती. मग म्हणाली, "एक बोलू? रागावणार नसाल तर. काल पथ्य मोडलंत तुम्ही."

"काल?"

"दुपारभर आत वाचत होतात. मी मशीन बंद करून ऐकत होते. म्हटलं, आज टोकायला नको, उद्या एवढं मोठं काम आहे."

"काल दुपारी मी ग्रंथालयात होतो."

"काहीतरीच काय. आवाज येत होता की. पहिल्या दिवसापासून येतोय तोच, खणखणीत. माझ्याशी बोलताना कुजबुजायचात आणि आत गेलात की असा भरदार. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, माणसासमोर लाजतो म्हणून. त्या पहिल्या दिवशी मी रडले होते, सांगितलं नाही तुम्हाला."

पहिल्या दिवशी त्या एका शब्दापलीकडे माझा आवाज मला स्वतःलासुद्धा ऐकू आला नव्हता. बसच्या खिडकीतून गार वारा येत होता, पण अंगावर आलेला काटा त्या वाऱ्याचा नव्हता.

"काल काय वाचत होतो मी?" मी हळूच विचारलं.

"आजचं नव्हतं. नवीनच होतं काहीतरी. मला वाटलं, पुढच्या वर्षीच्या स्पर्धेची तयारी. एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं होतं." ती थोडी लाजली. "मी सुई ओठात धरते तेसुद्धा होतं त्यात. एवढं बघत असता होय माझ्याकडे? पण शेवट नाही मला आवडला. शेवटी ती बाई मशीन थांबवते आणि आत जाऊन बघते... तर तिथे दोघांचे आवाज येत असतात, आणि खुर्च्या दोन्ही रिकाम्या. मग ती एकटीच राहते का हो?"

मी असं काही लिहिलं नव्हतं. माझ्या मनातही नव्हतं. मी तिचा हात धरला. फार भीती वाटत होती मला, पण त्या भीतीच्या खाली दुसरंही काही होतं. मला आता आवाज होता, आणि तो मी 'हो' म्हणायला मिळवला नव्हता.

"नाही," मी म्हणालो, पुढच्या सीटवरच्या माणसानं वळून बघावं इतक्या मोठ्यानं. "तो कच्चा मजकूर आहे. शेवट मी बदलणार आहे."

"बदला," ती म्हणाली. "आणि मलाही ऐकवा, भिंतीआडून नको."

म्हणून रात्री जागून मी त्या बाईचा मजकूर माझ्या शेवटानं लिहिला आणि दुसऱ्या दिवशी तिला आत बोलावलं. प्रती मांडल्या, दिवा लावला, कडी लावली नाही. ती हात पुसत आली, बसायला म्हणून समोरच्या खुर्चीकडे वळली आणि एकदम थबकली. मग एखाद्या वडीलधाऱ्या माणसानं आपल्यासाठी जागेवरून उठायला बघावं तेव्हा आपण म्हणतो ना, तसं घाईघाईनं, हसून, "बसा, बसा" म्हणाली, आणि पुढच्या खोलीतून स्वतःसाठी खुर्ची घेऊन आली.